अक्कानं घंटेची दोरी सोडली तो रविवार

अक्का गेली. आज सकाळी, लातूरला. वय वर्षं पंचाण्णव.

शेवटपर्यंत डॉक्टरचं ऐकलं नाही. माझं तर नाहीच नाही.

मी तिची धाकटी बहीण. नांदेडला शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. नियम म्हणजे नियम, हे माझ्या विद्यार्थिनींना विचारा. ही पोस्ट माझी नात टाइप करून देतेय आणि मध्येमध्ये हसतेय. हसू दे.

अक्काला कुठलाच नियम धड पाळता आला नाही. शुगर असून पेढा खायची. मी दिलेली नवी शाल दुसऱ्या दिवशी भाजीवालीच्या अंगावर!

विचारलं तर म्हणे, "थंडीनं कुडकुडत व्हती बिचारी."

आता यावर माणसानं काय बोलावं?

पण आज मला तो एक रविवार सांगायचाय. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

निजामाचं राज्य होतं. आम्ही अहमदपूरकडच्या एका गावात, मिशनच्या कंपाउंडात राहायचो. बाबा तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. अक्का सोळाची, मी नऊची.

बाबांचा रविवार म्हणजे शब्बाथ, देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, फार कडक. चूल नाही, दळण नाही. बैलांनाही सुट्टी, म्हणून शेजारच्या गावची उपासना घ्यायला बाबा आणि आई दोन कोस पायी जायचे.

आणि पाणी शेंदायचं नाही. शनिवारी दिवस मावळायच्या आत कंपाउंडातल्या विहिरीचा दोर काढून पेटीत कुलूपबंद. किल्ली बाबांच्या खिशात.

त्या वर्षी गावात पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. गावच्या विहिरीचं पाणीच बाधत होतं.

रविवारी दुपारी कुंपणाशी करीमचाचा येऊन उभे राहिले. कचेरीत पट्टेवाले होते. हातात रिकामी घागर.

"बेटी, पानी होना. घर में सब बीमार हैं."

अक्कानं आमचा रांजण उपसून दिला. थोड्या वेळानं घागर परत आली. मागोमाग त्यांच्या आळीतल्या बायाही आल्या. रांजण कोरडा ठणठणीत.

मी म्हटलं, "अक्का, आज शब्बाथ हाय."

"हाव, म्हाईत हाय मला."

एवढं बोलून ती चर्चमध्ये गेली, बाकावर चढली, घंटेची दोरी सोडली आणि आणून पोहऱ्याला बांधली.

दिवस कलेपर्यंत पाणी ओढत होती. तळहात सोलवटले. मी पायरीवर बसून मोठमोठ्यानं 'शब्बाथ दिवस पवित्र पाळ' ही बायबलातली चौथी आज्ञा म्हणत होते. दहाही आज्ञा पाठ होत्या म्हणून मला रंगीत चित्राचं कार्ड मिळालं होतं. केवढा तो तोरा!

संध्याकाळच्या उपासनेआधी ती दोरी परत बांधणार होती. बाबांना कळलंही नसतं.

पण ती शेवटची घागर चाचांकडे पोचवायला गेली आणि मला वेशीपाशी आई-बाबा येताना दिसले.

मी धावत सुटले. धापा टाकत सगळं सांगितलं. वर हेही, की "मी तिला नको म्हणलं व्हतं."

अक्का परत आली तेव्हा बाबा विहिरीपाशी उभे होते. त्यांना कुणी सांगितलं हे ते बोलले नाहीत.

"पाळकाच्याच घरात आज्ञा मोडली. मंडळीला मी काय तोंड दाखवू?"

"पटकीला रविवार कळत न्हाई, बाबा."

त्या ईस्टरला अक्काचं पहिलं प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि रस घेऊन मोठ्यांच्या पंगतीत बसणं. वर्षभर तयारी करत होती. आईनं लातूरहून पांढरं लुगडं मागवलं होतं.

बाबा म्हणाले, "तुला प्रभुभोजन न्हाई."

चाचांची बायको वाचली. बाबांना ते दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. पण नियम! मी तरी कुणाची लेक?

अक्का तीन दिवस जेवली नाही. मी मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होते.

ईस्टरला ती जुन्याच लुगड्यात, मागं आम्हा पोरांत बसली. मोठी माणसं पुढं गुडघे टेकून होती. बाबांनी चपातीचा तुकडा आईच्या हातावर ठेवला.

आईनं तो खाल्ला नाही. उठली, भरल्या चर्चमधून चालत मागं आली, तुकड्याचे दोन केले आणि अर्धा अक्काच्या हातावर ठेवला.



बाबा पेला घेऊन तसेच उभे. मनुका भिजवून केलेला रस असायचा त्यात. मग ते मागं आले आणि पेला अक्काच्या ओठाला लावला.

मला इतका राग आला! मग नियम कशाला केले होते? मी कशाला आज्ञा पाठ केल्या?

पुढच्या शनिवारी विहिरीचा दोर निघाला नाही. नंतर कधीच निघाला नाही.

माझा तो राग कधी गेला आणि त्या जागी लाज कधी आली, सांगता येत नाही. पण जवळपास ऐंशी वर्षं मी ती उरात घेऊन फिरले. अक्कानं कधी विषय काढला नाही. एकदा तरी भांडायचं ना! नाही. दिवाळीला करंज्या, ख्रिसमसला केक, फोनवर "गुडघे कसे हायत?"

मागच्या महिन्यात मी लातूरला गेले. तिच्या खाटेवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "अक्का, त्या दिवशी बाबांना मी सांगितलं होतं."



"म्हाईत हाय की. तुझ्याबिगर कोण सांगणार?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"नऊ वर्षांची व्हतीस गं." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सकाळची निघालीस. जेवलीस का?"

ऐंशी वर्षांची माझी लाज आणि ही बाई विचारते, जेवलीस का!

मी चिडले, रडले आणि तिच्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या.

अक्का, तुझ्यापुढं मी हरले. सुखानं जा.

तुला तुझ्या चुगलखोर धाकटीची भावपूर्ण श्रद्धांजली.