जुना पार्ट मालकाचा

इम्रानचा फोन आला तेव्हा मी त्याच्या वडिलांची उलटतपासणी घेत होते. कागदावर, अर्थात. ग्राहक आयोगात इक्बालभाईंची साक्ष आठवड्यावर आली होती आणि गाडीच्या कंपनीचा वकील त्यांना काय काय विचारील, ते प्रश्न मी धायरीच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून काढत होते. "तुमचं शिक्षण किती?" हा पहिला प्रश्न. त्यावर इक्बालभाईंचं उत्तर तयार होतं, "नववी. पण गाडी कुठे शिकून बिघडते?" असलं काही तिथे बोलायचं नाही, असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं आणि ते बोलणारच याची मला खात्री होती. फोनवर इम्रान म्हणाला, "बाई, अब्बा गेले. चहा घेतला, शटर उघडायला उठले आणि..." मी पेन खाली ठेवलं. रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. त्यांच्यावर, कंपनीवर, तारखांवर, सगळ्यांवरच. साक्ष दिल्याशिवाय निघून जाणं इक्बालभाईंच्या स्वभावात बसत नव्हतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. राग ओसरलेला नाही आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

कसबा पेठेत गॅरेज आहे म्हटलं की लोक विचारतात, "तिथे गाडी शिरते?" एका वेळी एक शिरते. दुसरी आली की पहिलीने मागे यायचं, असा तिथला कायदा. दोन शटरांचं ते गॅरेज इक्बालभाईंच्या वडिलांपासूनचं. त्यांची मुलगी शबाना माझ्या वर्गात होती, मी तिला विज्ञान शिकवत असे. म्हणून मी त्यांची 'बाई' झाले आणि आमची पहिली जुनी गाडी त्यांच्या हाताखाली गेली. त्यांची एक पद्धत होती. गाडीतून काढलेला प्रत्येक जुना पार्ट ते पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात ठेवत. सोबत चिठ्ठी असे, त्यावर गाडी कोणाची आणि पार्ट कसा गेला ते लिहिलेलं. गिऱ्हाईक म्हणालं की नको हो, कचरा काय करायचाय, तरी ते ऐकत नसत. "जुना पार्ट मालकाचा. फेकायचा तर तुम्ही फेका, मी नाही." पुणेकरांना ही पद्धत फार आवडे, कारण पार्ट खरंच बदलला की नुसतं बिल बदललं, ही शंका घेऊनच आम्ही जन्माला येतो.

मी निवृत्त झाल्यावर आम्ही नवी कोरी गाडी घेतली आणि इक्बालभाईंकडे जाणं बंद झालं. बाहेरच्या माणसाने हात लावला तर वॉरंटी जाते, असं शोरूममध्ये गोड आवाजात सांगितलं होतं. मी ओशाळून त्यांना हे सांगायला गेले तर ते हसले. "बरोबर आहे बाई. नव्या सुनेच्या माहेरचं पहिली काही वर्षं ऐकावंच लागतं."

ती गाडी एका दुपारी कात्रजचा घाट चढताना बंद पडली. मी चालवत होते, शेजारी अरविंद, माझे यजमान. इंजिन बंद, स्टिअरिंग एकदम जड. मी ब्रेकवर जीव खाऊन पाय दिला, तरी गाडी थोडी मागे आलीच आणि मागून चढणारा टेम्पो आमच्यावर आदळला. मला खरचटलंही नाही. अरविंदच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, तर ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. तीन दिवसांनी त्यांचा अहवाल आला. 'गाडीत दोष आढळला नाही. चढावर क्लच हाताळण्यात चालकाची चूक.' दोन वाक्यं. तो देणारा तरुण फार अदबीने म्हणाला, "मॅडम, घाटात सरांना चालवायला दिलेली बरी."

आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. जावई म्हणाला, "आई, आता वय झालं, ड्रायव्हर ठेवू." शेजारच्या काकूंनी तर निकालच लावला, "तरी मी म्हणत होते." अरविंद दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, "होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस." त्याने मला क्षमा केली. न केलेल्या चुकीची क्षमा किती जड असते, ते मला तेव्हा कळलं. पण खरी लाज वेगळीच आहे. मुलींना तीस वर्षं 'आधी पुरावा दाखव' म्हणून सांगणारी मी, माझीही खात्री पटली की चूक माझीच. मी किल्ली कपाटात ठेवली आणि पाच महिने गाडीला हात लावला नाही.

इक्बालभाईंना हे उशिरा कळलं; कळल्यावर ते अरविंदला बघायला आले ते कात्रज डेअरीचं श्रीखंड घेऊन. चहा झाला. मी होऊन सांगितलं, "माझा क्लच चुकला." त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, एक सांगा. बंद पडताना गाडीला झटका बसला, की दिवा विझतो तशी विझली?"

मी डोळे मिटले. घाट आठवला, ते वळण आठवलं. झटका... नव्हता. "विझली," मी म्हणाले.

"मग क्लच नाही. क्लच चुकला तर गाडी घोड्यासारखी उधळून बंद पडते. हे तुम्हाला तिथे कोणी विचारलं नाही?"

नाही, कोणीच विचारलं नव्हतं. ती गाडी तपासणाऱ्यांनी ती चालवणारीला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी तेव्हा पहिल्यांदा रडले, चहाचे कप समोर असतानाच. आम्ही तिघे खाली पार्किंगमध्ये गेलो, अरविंदने त्याच्याजवळच्या किल्लीने गाडी उघडली. इक्बालभाईंनी मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा प्लग ओढून काढला. तो एका बाजूने करपून तपकिरी झाला होता. चढावर पंपाला जोर पडला की प्लग तापणार, सैल होणार, पंप बंद आणि इंजिन बंद. गार झाला की पुन्हा सगळं ठीक. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी शहाण्यासारखी वागली होती. अरविंदने तो प्लग नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला आणि वर जाऊन कपाटातली माझी किल्ली आणून माझ्या हातात दिली.

पण इक्बालभाई कपाळावर हात मारून घेत होते. "हा वास मला ओळखीचा आहे बाई. याच मॉडेलच्या तीन गाड्यांचे असेच प्लग मी बदललेत." मी म्हटलं, मग कुठे आहेत ते? ते अपराध्यासारखे हसले. कुठे असणार? पुसून, गुंडाळून, चिठ्ठीसकट मालकांना दिलेले! पुराव्याची अशी बिनचूक वाटणी पुण्यात दुसऱ्या कोणी केली नसेल. मग स्कूटरवरून त्यांचा शोध सुरू झाला. एक प्लग भंगारात गेला होता. दुसऱ्या घरी "आमच्याकडे असला कचरा ठेवत नाहीत" असं ऐकून घ्यावं लागलं. तिसरे एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी कपाटावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात पार्ट, इक्बालभाईंची चिठ्ठी, बिल, सगळं जागच्या जागी. न्यायला देण्याआधी त्यांनी माझी सही घेतली. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कुठे सही केली नसेल. त्यांनी आणखी दोन गाडीमालक शोधून दिले, त्यांच्या गाड्यांतले प्लगही करपलेलेच निघाले. माझा धरून चार करपलेले प्लग जमले.

ते घेऊन आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. इक्बालभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काचेच्या काउंटरवर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि चारही प्लग ओळीने मांडले. मॅनेजरने ते पाहिले, दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "हे बाहेरचं काम आहे. तुम्ही सीट उघडलीत तेव्हाच मॅडमची वॉरंटी संपली."

"वॉरंटी संपली असेल," इक्बालभाई म्हणाले. "घाट संपलाय का? तुमच्या गाड्या रोज चढतायत."

मॅनेजर जरा नरमला. "बरं, ठेवून जा हे. वरती पाठवतो."

"ठेवतो की. पोच लिहून द्या."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"आमच्याकडे आहे," इक्बालभाई म्हणाले आणि चारही प्लग पुन्हा गुंडाळून पिशवीत टाकले.

मग त्या प्लगांचे फोटो मी रजिस्टर पोस्टाने थेट कंपनीला पाठवले. चार-पाच महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. 'ग्राहकांच्या अधिक समाधानासाठी निवडक गाड्यांमध्ये सुधारित वायरिंग विनामूल्य बसवून देण्यात येईल.' दोष हा शब्द त्यात औषधालाही नव्हता. कात्रजचा घाट दाखवणं म्हणतात ते हेच, आणि आम्हाला तर तो दोनदा दाखवला. तरी खरं सांगते, मी खूश झाले होते. पत्र घेऊन मी कसब्यात धावत गेले. इक्बालभाईंनी ते दोनदा वाचलं, हात पुसून परत दिलं. "प्लग बदलतायत, चांगलं आहे. पण बाई, कागद बदलला का?"

कागद म्हणजे तो अहवाल. चालकाची चूक. तो तसाच होता, कंपनीच्या दफ्तरात, माझ्या नावासमोर. मी आयोगात गेले ती त्या एका ओळीसाठी. कंपनीच्या वकिलाने तडजोड पुढे केली. दोन वर्षं फुकट सर्व्हिसिंग देतो, तक्रार मागे घ्या. जावई म्हणाला, घेऊन टाका. अरविंदने त्याला एवढंच विचारलं, "तुझी चूक म्हणून लिहिली असती, तर घेतलं असतंस?" इक्बालभाई साक्ष द्यायला तयार झाले. गॅरेजवाल्याने कंपनीशी वाकडं घेऊ नये, असं त्यांना बरेच जण सांगत होते. ते म्हणत, "मी काय खोटं बोलणार आहे? जे काढलं ते दाखवणार." ते दाखवायचं मात्र राहून गेलं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर इम्रान धायरीला आला. हातात वर्तमानपत्राची छोटी पुडी होती. "अब्बांच्या खणात होती. म्हणायचे, काम झालं की बाईंची वस्तू बाईंना द्यायची." काम काही झालेलं नव्हतं, पण मी पुडी घेतली. आत माझ्या गाडीचा तो करपलेला प्लग आणि त्यांच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी. 'कुलकर्णी बाई. कात्रज घाट. चढावर विझली. प्लग जळाला. बाईंची चूक नाही.'

गाडी कशी बिघडली हे लिहिण्याच्या कागदावर ही शेवटची ओळ त्यांनी कशासाठी लिहिली असेल? इतर कोणाच्या चिठ्ठीत तसलं वाक्य नाही, मी पाहिलंय. मी ती चिठ्ठी अरविंदला वाचून दाखवायला घेतली आणि मला ती पुरी वाचता आली नाही.

आमचे वकील म्हणतात, माणूस गेला, आता चिठ्ठीला फारसं वजन नाही, गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. नसेल घेता येत. माझी घेता येते. डब्यावाले गृहस्थही उभे राहायला तयार आहेत, डब्यासकट. पुढे ढकललेली तारीख आता पुढच्या आठवड्यात आहे. धायरीपासून गाडी मी चालवत नेणार आहे आणि पुडी अरविंदच्या मांडीवर असेल. कंपनीच्या वकिलाने ती मागितली, तर जरूर देईन. आधी पोच लिहून द्यायची. आमच्याकडे तशी पद्धत आहे.