शाई वाळेपर्यंत

माझे टाईप केलेले कागद वकीलसाहेबांच्या ओट्यावर उन्हात पसरलेले होते. कोपऱ्यांवर गोटे ठेवलेले. मी फाटकाबाहेर सायकल धरून उभा. मे महिना. अमरावतीचं ऊन. कागद तापत होते, मीही तापत होतो.

"शाई वाळू दे बाबू, मंग नेतो आत," मुन्शी म्हणाला.

मी मान हलवली. रोजच हलवत होतो. टाईपरायटरची शाई वाळवावी लागत नाही. फितीवरून अक्षर कागदावर उठलं की ते कोरडंच असतं. हे मला माहीत होतं. मुन्शीलाही होतं. तरी तो रोज हेच म्हणायचा आणि मी रोज ऐकून घ्यायचो.

त्या दिवशी आतून बाईसाहेबांचा आवाज आला. "ऊन दाखवलं का हो त्या कागदांना? मगच आणा. शेजारी देवघर आहे."

मुन्शी माझ्याकडं न बघता गोटे उचलू लागला.

मी बी.ए. झालेला. घरातलाच नाही, आमच्या अख्ख्या महारपुऱ्यातला पहिला. टायपिंगची परीक्षाही पास. साहेबांना टायपिस्ट पाहिजे होता. त्यांचं ऑफिस राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली. माझा अर्ज वाचून खूश झाले. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. तुम्ही उद्यापासून या," म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "गावात तुमचं घर कुठल्या बाजूला?"

"नाल्याच्या पलीकडं," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"असं कर. मशीन घरी घेऊन जा. तिथंच काम करत जा. तुझ्याच सोयीचं आहे."

चष्मा पुसेपर्यंत तुम्हीचा तू झाला होता.

नोकरी पक्की होती, पगार वेळेवर मिळायचा. फक्त नोकरानं ऑफिसात यायचं नाही. मशीन मी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. लाकडी खोक्यावर ठेवलं. दिवसभर टकटक चालायची. मायला कोण अभिमान. शेजारणींना सांगत सुटायची, "माह्या पोराचं हापिस घरीच हाय."

एक शेजारीण एकदा फटकन म्हणाली, "मंग सायेब काहून येत नाही वं तुह्या घरच्या हापिसात? चा पाज की त्याले."

माय हसली. माझी बोटं मशीनवर थांबली.

साहेबही घरूनच काम करत होते की. पण त्यांच्या घराला ऑफिस म्हणायचे. माझ्या घराला सोय.

बाईसाहेबांचं बोलणं ऐकल्यावर मला स्वतःची शिसारी आली. त्यांची नाही. माझी. इतके महिने मी खोटी शाई वाळू देत होतो.

पुढच्याच आठवड्यात मनाईहुकमाचा अर्ज होता. त्याच सकाळी कोर्ट उघडताच द्यायचा होता. पक्षकार माळी, त्याच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीचा वाद. तो बिचारा ओट्यावर बसलेला. फाटकाशी टांगा उभा. मी कागद घेऊन फाटकाच्या आत गेलो.

"ठेव नं ओट्यावर," मुन्शी म्हणाला.

"ठेवत नाही. साहेबांच्या हातात देतो."

काळा कोट चढवत साहेब बाहेर आले. "काय तमाशा लावलाय?"

"शाई वाळली साहेब. हात पुढं करा."

"पगार कोण देतं तुला?"

"तुमी देता. टायपिंगचा देता. ऊन दाखवून घ्याचा नाही देत."

माळीकाका घाबरून उठले. "आण बाबू, मी देतो त्याहिले."

"काका, तुमचा अर्ज बुडू देत नाही मी. पण घेतील ते साहेबच."

टांगेवाला वळून बघत होता. साहेबांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. मग हात पुढं केला. बोटाला बोट लागलंच पाहिजे असा मी कागद धरला होता. लागलं. साहेबांचा चेहरा उतरला. अंघोळीला वेळ नव्हता. तसेच टांग्यात बसले, तसेच कोर्टात गेले.

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मशीन परत न्यायचं ठरवलं. माय म्हणाली, "नोकरी सोडून खाशीन काय?"

"जे तू खात आली तेच," मी म्हणालो. मग मशीन बांधायला तिनंच दोर दिला.

मी ओट्यावर थांबलो नाही. मशीन घेऊन सरळ पुढच्या खोलीत गेलो. साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

"हे माझं घर आहे," साहेब कसेबसे म्हणाले.

"बाहेर पाटी तर ऑफिसची हाय. आता घरी बसून काम तुमी करा, साहेब. मी चाललो."

मी अकोल्याला गेलो. दिवसा कोर्टाच्या आवारात लोकांचे अर्ज टाईप केले, संध्याकाळी कायद्याच्या वर्गात बसलो. सनद घेतली आणि मुद्दाम अमरावतीला आलो. दुसरं कुठंही वकिली करता आली असती. मला ह्याच कोर्टात करायची होती.

साहेबांच्या विरुद्ध बाजूचा पक्षकार माझ्याकडं आला तर मी त्याला परत पाठवत नाही. त्यांचे सगळे दावे मी हरवले असं नाही. काही मीही हरलो. पण त्यांना एकही सोपा जाऊ दिला नाही. बाररूममधले भले लोक सांगतात, सोडा आता, त्यांचं वय झालं. मागं त्यांनी स्वतःच एकाबरोबर निरोप धाडला, जुनं विसरून जा म्हणून.

मी सांगितलं, विसरणार नाही. ह्याला सूड म्हणायचं तर म्हणा. त्यांच्या अंगावर काळा कोट आहे तोवर समोरच्या बाजूला मी उभा असेन.