साडूभाऊंचं विमान

आमच्या काळात ओमानमध्ये जे काही जागच्या जागी टिकून होतं, ते माझ्या थोरल्या साडूंनी आवळून ठेवलं होतं म्हणूनच, अशी माझी पक्की समजूत आहे. साडूभाऊ मूळचे चिपळूणकडचे, रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. आमच्याकडे अझैब्याला जेवायला आले की आधी खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू आवळायचे आणि मगच तिच्यावर बसायचे. भाजीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, कुकरच्या दांड्याला मात्र दर वेळी ठेवली. एकदा ओळखीच्या एका आजारी गृहस्थांना बघायला आम्ही हॉस्पिटलात गेलो, तर साडूभाऊ दोन शब्द बोलून जे खाटेखाली शिरले ते भेटीची वेळ संपल्यावरच बाहेर आले. "चाक डुगडुगत होतं हो," म्हणाले, "माणसाचं काय, तो होईल बरा." माझ्या मुलीची सायकल तर त्यांनी इतक्या मायेनं आवळली की ती रडत आली, "डॅडी, काकांनी फिक्स केली, आता ती मूव्हच होत नाही!"

अशा माणसाला कोणीतरी सांगितलं, की निझव्याच्या पलीकडे एका लहानशा गावात दर वर्षी हौशी लोकांचा विमानांचा मेळा भरतो आणि तिथल्या एका जुन्या विमानाला बिनपगारी मदतनीस हवेत. झालं! दर शुक्रवारी साडूभाऊ तिकडे, आणि गाडीत सोबत हवी म्हणून मीही. विमान पिवळं, दोन मजली पंखांचं, अंगावर कापड ताणून बसवलेलं. त्याचा मालक आणि वैमानिक एक उंच ब्रिटिश म्हातारा होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. गर्दी मागे रेटायचा दोर धरणं एवढंच माझं काम. साडूभाऊ विमान पुसायचे, आणि ओलं फडकं लावण्यापूर्वी त्याला म्हणायचे, "जरा गार लागेल हां." कॅप्टननं त्यांना निळी टोपी दिली तेव्हा ती घालून ते घरात जेवायलाही बसले. कॅप्टनचा नियम एकच. उड्डाणाआधी पेटीतलं प्रत्येक हत्यार आपल्या खाचेत दिसलं पाहिजे. एक जरी सापडलं नाही तरी उड्डाण रद्द, कारण ते इंजिनात राहिलेलं असू शकतं. हा नियम साडूभाऊंना इतका आवडला, की घरी ताईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, चमचेही ते मोजून आत ठेवायला लागले.

आणि नेमका त्यांच्याच हातून तो मोडला. त्या वर्षी मेळा खंडेनवमीला आला. विमानापुढे नारळ फोडायला कोणी देणार नाही, निदान त्याचं एक हत्यार तरी पूजेत असावं, म्हणून आदल्या दिवशी तयारीला गेलो तेव्हा पेटीतला एक पाना ते घरी घेऊन आले. पहाटे हळदकुंकू वाहिलं. पण त्यांच्या घरची रीत अशी, की पुजलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. तेव्हा पाना देव्हाऱ्यातच ठेवायचा आणि कॅप्टनला पोचल्या पोचल्या सांगायचं, असं ठरवून ते निघाले. पोचल्या पोचल्या विमानावर धूळ दिसली, ती पुसायला लागले आणि सांगायचं साफ विसरले.

दुपारी गावचे लोक पोराबाळांसकट दोराला खेटून उभे, आणि पेटीत एक खाच रिकामी. कॅप्टननं इंजिनावरचे पत्रे काढायला लावले. सगळ्यात खोल मुंडी घालून शोधत होते साडूभाऊ. एकाएकी ते थांबले. बाहेर आले तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मेलो! अहो, पाना घरी पूजेत आहे," ते माझ्या कानात म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं की टोपी गेली. हे पुन्हा हात लावू देणार नाहीत मला विमानाला."

मग ते स्वतःच डोक्यावरची टोपी काढून कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिले. "सर, स्पॅनर इज इन माय देव्हारा."

कॅप्टनला काही कळेना. साडूभाऊंनी ताईंना फोन लावला. पलीकडून ताईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "मी हलवणार नाही हं! तुम्हीच सांगून गेलात."

"हलवू नको गं बाई! फक्त फोटो पाठव."

व्हॉट्सॲपवर फोटो आला. गणपती, अन्नपूर्णा आणि मध्ये झेंडूचं फूल घेऊन आडवा झालेला पाना. कॅप्टननं दोन बोटांनी फोटो मोठा केला, पेटीतल्या प्रत्येक हत्यारावर असायचा तो लाल पट्टा कुंकवाखाली पाहिला, आणि इतका मोठा श्वास सोडला की माझाही सुटला. "तो कुठे आहे हे कळलं, मला तेवढंच हवं होतं," तो इंग्रजीत म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून मी उडू शकतो. उद्या परत आण."

"आफ्टर उत्तरपूजा, सर."

कॅप्टन हसला आणि टोपी त्यानं स्वतःच्या हातानं साडूभाऊंच्या डोक्यावर बसवली. झालं असेल तर निघा, म्हणून धावपट्टीवरचा ओमानी साहेब ओरडला, "खलास? यल्ला!" पत्रे बसले, विमान खोकत खोकत वर गेलं, आणि मला खरंच इतकं हलकं वाटलं की हातातला दोर कधी सुटला ते कळलंच नाही. लोक सरळ आत आले.

पुढे कारखान्यानं माणसं कमी केली आणि साडूभाऊ चिपळूणला परत गेले. आमच्या खुर्च्या आता करकरतात, आणि कोणी पाहुणा त्यांवर बसला की मला त्यांची फार आठवण येते. आठवतात ते त्या दुपारचेच. विमान सुखरूप उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंनी नाही वाजवल्या. त्यांचे हात जोडलेले होते, आणि ते सुटेपर्यंत टाळ्या संपून गेल्या होत्या.