उशिरा ठोसा मारणारं मशीन

मिलिंददादा गेल्याचा फोन मी भाड्यानं राहतो तिथं, सावेडीत, घरमालकांकडे आला. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "बाळ्या, आवाज झकास काढलास, पण रडायचं काही जमलं नाही बघ." कारण आवाज बदलून असले खोटे फोन करण्यात अख्ख्या जामखेडात माझा पहिला नंबर. कधी हेडमास्तर होऊन, कधी एसटीचा कंडक्टर होऊन. तिकडून माझा दोस्त बाळू एवढंच म्हणाला, "आष्टी रोडला, मोटरसायकलवर. ये तू." तरी जामखेडला उतरेपर्यंत मला संशय होताच. दादाच्या दारात चपलांचा ढीग दिसला, तेव्हा फिटला.

आता महिना होऊन गेला. दादा आमच्या शेजारचा, आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. स्टँडजवळ त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यातलं मारामारीचं मशीन म्हणजे आमचा जीव. एका दुपारी व्होल्टेज वरखाली झालं आणि त्याचा बोर्ड जळाला. नवा कुठून आणणार? दादानं पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याच लाकडी खोक्यात बसवला आणि सीडीवरून तोच गेम चालू केला. म्हणजे कॉम्प्युटरनं मशीनची नक्कल करायची. माझ्याच धंद्यातला निघाला की!

पण नक्कल जरा कच्ची होती. बटण दाबलं की ठोसा थोडा थांबून बसायचा. पापणी लवेल एवढंच, पण तेवढ्यात समोरचा आपल्याला लोळवायचा. बाळू एकदा सगळ्यांसमोर बोलला, "दादा, तू मुद्दाम केलंय हे. आमी लवकर मरायचं, लवकर दुसरं नाणं टाकायचं. व्हय ना?"

"व्होल्टेज कमी हाय रे," दादा म्हणाला. "जरा आधी दाबत जा."

जामखेडात दूध नासलं तरी खापर व्होल्टेजवर फुटतं, म्हणून आम्ही ऐकलं. शत्रू लांब असतानाच बटण दाबायला शिकलो. पण एकदा लागलेला संशय कुठं जातोय? पोरं पांगली. 'लबाडाचं दुकान' असं नाव पडलं. दुकान ओस पडण्यापेक्षा दादाला तो शब्द जास्त झोंबला. मला म्हणाला, "तू बटण दाबशील ना, त्याच टायमाला तोंडानं ठोशाचा आवाज काढ."

मी दाबलं, ढिश्श केलं. मशीनचं ढिश्श मागून आलं. नुसता आवाजच उशिरा येत असेल म्हणून त्यानं स्पीकर बंद केला आणि पडद्याकडं बघत बसला. पडद्यावरच्या गड्याचा हातसुद्धा उशिराच. मग बटणांच्या वायरी सोडवून सरळ कीबोर्डवर दाबायला लावलं. तरी तेच.

"म्हंजी वायरी निर्दोष," दादा म्हणाला.

"मग आरोपी कोण?" मी फौजदाराच्या आवाजात विचारलं, आणि बघत होतो त्याच्याकडंच.

तो एकेक सेटिंग बदलत गेला. एक सेटिंग अशी निघाली, की चित्र अख्खं तयार होईपर्यंत ते मागंच अडवून ठेवायचं, म्हणजे पडद्यावर फाटलेलं दिसत नाही. चित्र देखणं दिसतं म्हणून ती त्यानंच लावलेली. काढली, तर माझं ढिश्श आणि ठोसा बरोबर पडले. फक्त हाणामारीत गड्याचं डोकं एकीकडं, धड दुसरीकडं दिसायला लागलं. "फाटू दे," दादा म्हणाला, "येळंवर मारतोय ना?"

पोरांना बोलावणं गेलं. आली, खेळली आणि पहिल्यापेक्षा जास्त हरली! हाताला आधी दाबायची सवय लागलेली, सगळे ठोसे हवेत. बाळू भडकला, "आता तर पारच वाट लावली ह्यानं!" तेवढ्यात दादाची आई, आम्हा सगळ्यांची मावशी, डबा घेऊन आली. दादानं तिलाच उभं केलं. "आई, तो जवळ आला की दाब. बास." मावशीनं पदर खोचला आणि दोन ठोशांत गडी आडवा.

"घरून शिकवून आणलीय," बाळू म्हणाला. सगळे हसले. दादा हसला नाही.

पोरं हळूहळू परत यायला लागली, पण तो शब्द काही पुसला गेला नाही. माझ्याही मनात राहिलंच... सेटिंग त्यानंच लावलेली ना? मग त्याला ठाऊक नव्हतं कशावरून?

परवा दुकानात गेलो होतो. शटर अर्धं वर, आत मावशी एकटीच. मी टेकतोय तोवर तिनं विचारलं, "तू बसायचास त्याच्यासंगं. खरं सांग, माझं पोरगं लबाड हुतं का?"

लगेच तीच पुढं बोलायला लागली. "दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकटाच खेळायचा. शेवटपर्यंत हरायचा. म्हनायचा, आई, हात अजून आधीच पडतोय गं."

म्हणजे त्याच्याही हाताला तेच वळण लागलेलं. आम्हाला सांगितलं तेच तो स्वतःही करत होता. ज्याला कळ ठाऊक असते, तो स्वतःपुरती तरी ती फिरवतो. आपल्याच दुकानात, कुणी बघत नसताना, हात बिघडेपर्यंत उशिराच्या ठोशावर कशाला खेळेल?

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "न्हवता."

"मग खेळ की एक डाव. बंद पडून हाय कवापासनं."

मशीन चालू केलं. फाटलेलं चित्र वर आलं. गडी चालत यायला लागला आणि मी बटण दाबलं. ठोसा हवेत गेला. तो अजून लांबच होता.

"लवकर दाबलंस," मावशी म्हणाली.