दस्तीखालचा भाव

आमच्या बाजारहत्नूरकडे हळदीचा भाव दस्तीखाली ठरायचा. गावात येणारा व्यापारी हातावर दस्ती टाकायचा, तो मोठा रुमाल. माझा नवरा त्याखाली हात घालायचा आणि दोघं एकमेकांची बोटं दाबायचे. तोंडातून शब्द नाही. शेजाऱ्याला काय भाव मिळाला ते त्यामुळे कधी कळायचं नाही. मी पोत्यावर बसून त्या हलणाऱ्या कापडाकडे बघायची. आत काय चालतं, हे मला लग्न झाल्यापासून जाणून घ्यायचं होतं. विचारलं की नवरा म्हणायचा, "तुले काय करायचं?"

यंदा आम्ही बायकांनी संघ केला. सगळ्यांची थोडीथोडी हळद एकत्र शिजवली, वाळवली, लांब हळकुंडं आणि गोल गड्डे वेगळे केले आणि लॉरी करून जिल्ह्याच्या बाजारात न्यायचं ठरवलं. नवऱ्याने अर्धीच हळद दिली. अर्धी गावातल्या व्यापाऱ्यासाठी घरात ठेवली.

"त्याच्यापेक्षा जास्त भाव आणला तर पुढं सगळी देईन," तो म्हणाला. "नाही तर हे खूळ बंद."

बाकीच्या घरांतही हेच बोलणं झालं होतं. भाव पडला असता तर संघ त्याच दिवशी मोडला असता.

बाजारात पहिल्या व्यापाऱ्याने हळकुंड मोडून आतला रंग पाहिला. माल त्याला आवडला. त्याने दस्ती काढली आणि आमच्या मागे बघू लागला.

"गडी माणूस कोणी नाही आलं?"

"घरी हाय."

"मग भाव कोणासंग करू?"

माझ्या जावेने लॉरीच्या ड्रायव्हरकडे बोट केलं.

"हळद त्याची हाय का?" मी म्हणाले आणि दस्तीखाली माझाच हात घातला.

व्यापाऱ्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "आजी, काय करून राह्यल्या? लोक बघून राह्यले!"

"मग तोंडानं सांग."

तो पुटपुटला.

"मले कमी ऐकू येते. जोरानं बोल."

तो जोराने बोलला. शेजारच्या ओट्यावरच्या व्यापाऱ्याने ऐकलं आणि तिथूनच त्याच्यावर भाव सांगितला. पहिला चिडला, आणखी चढला. तिसराही हळकुंड मोडायला आला. आम्हाला घासाघीस करावीच लागली नाही, नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे बघायचं होतं. शेवटी गावातल्या भावापेक्षा बराच जास्त मिळाला. लॉरीभर माल असला की व्यापारी आपसात भांडतात, हे मला तिथे कळलं.

परत येताना मी ड्रायव्हरला दस्तीखालची बोली विचारली. गाडी थांबली तेव्हा त्याने माझी बोटं धरून दाखवलं. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच.

"इतकंच?"

"इतकंच, आजी."

मला वाटलं होतं काहीतरी मोठी विद्या असेल.

घरी नवऱ्याने विचारलं, "दस्तीखाली काय भाव दिला?"

"दस्ती लागलीच नाही. साऱ्या बाजारानं ऐकला." मी भाव सांगितला.

सकाळी उठले तर तो घरातली पोती ओसरीवर आणून लावत होता.

"कुठं नेऊन राह्यले?"

"तुमच्या लॉरीत."

"लॉरी कालच गेली," मी म्हणाले आणि चहा ठेवला.