नसलेले डाग

मला आता माणसांच्या चेहऱ्यांची शिसारी येते. यात नवल काहीच नाही. आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे, अल्बम बांधायचं, आणि शेजारी आमच्या ह्यांचं, चेहरे साफ करायचं. मान वळवली की ह्यांच्या पडद्यावर कुणाचा तरी गाल असतो, इतका मोठा की त्यातल्या छिद्रांत बोट जाईल. मुरुमं, केस, थापलेल्या पावडरीचे पोपडे, ओठांच्या कोपऱ्यात सुकलेलं काहीबाही. लोक नटूनथटून फोटो काढायला येतात आणि ही सगळी घाण आमच्या गळ्यात बांधून जातात. वर सांगतात, "जरा उजळ करा हं." म्हणून मी अल्बम बांधताना चेहऱ्याकडे बघतच नाही. फोटोची कड बघायची, कोपरा बसवायचा, बाहेर आलेला गोंद पुसायचा आणि पुढच्या पानाला लागायचं.

ह्यांना मात्र कधी किळस आली नाही. दुकानात ह्यांना सगळे खोडरबर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हे ओ देतात. मला त्या नावाचा संताप येतो, तर हे म्हणतात, "अगं, खोटं काय आहे त्यात?" अशा माणसाशी भांडणार तरी काय?

हे लग्नाआधीपासून माझ्या वडिलांच्या हाताखाली होते. तेव्हा संगणक नव्हते. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने डाग भरायचे. वडील मागे उभे राहून एकच धडा द्यायचे. "चेहरा बघू नकोस. चेहरा बघितला की माणूस आवडतो नाहीतर नावडतो, आणि हात बिघडतो. कातडी बघ." ह्यांनी ते असं मनावर घेतलं की पुढे संगणक आला तरी सोडलं नाही. फोटो उघडला की हे तो एकदाच मोठा करतात, नाक कुठलं आणि कपाळ कुठलं कळू नये इतका, आणि काम संपेपर्यंत तेवढाच ठेवतात. गाल झाला की फोटो सरकवून हनुवटीवर. बाकी सगळे जरा मागे सरून, लहान करून बघतात, हे कधीच नाही. नेहमीची गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली तर ह्यांना ओळखू येत नाहीत, पण नुसती हनुवटी दाखवा, कुणाची ते सांगतील.

वडील गेले आणि दुकान माझ्या धाकट्या भावाकडे गेलं. आयत्या बिळावर नागोबा. भाऊ मनाने वाईट नाही, असं आई म्हणायची. आईला म्हणावंच लागतं.

या भावाचा एक मित्र आहे, संगणक दुरुस्त करणारा. भाऊ त्याला एक्स्पर्ट म्हणतो. मी काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. हा प्राणी एका हाताने तळलेलं काहीतरी खातो आणि त्याच हाताने आमचे कीबोर्ड चाचपतो. तो गेला की मी टेबल दोनदा पुसते, तरी वास जात नाही. त्यानेच भावाच्या डोक्यात भरवलं की ह्यांचं मशीन रडत चालतं, त्यात ग्राफिक्स कार्ड बसवा. पडद्यावर चित्र रंगवायचं ओझं त्या कार्डावर टाकलं की सॉफ्टवेअर सुसाट पळतं म्हणे. मग कुठूनतरी एक वापरलेलं कार्ड घेऊन आला. पंख्याच्या पात्यांवर दुसऱ्या कुणाच्या तरी घरची चिकट धूळ बसलेली. ती त्याने फुंकर मारून माझ्या अल्बमवर उडवली. मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसर वापरायच्या चौकटीत टिक केली आणि म्हणाला, "आता बघा, विमान!"

पळायला लागलं हे खरं. ब्रश फिरवला की मागे फरफटत यायचा, तो आता हाताबरोबर यायला लागला. हे खूश. पण थोड्याच दिवसांत काम करता करता च्यक् च्यक् करायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"लोकांच्या चेहऱ्यांना काय होतंय कुणास ठाऊक. ज्याच्या त्याच्या गालावर काळपट सावल्या. पूर्वी असं नव्हतं."

"लोक पूर्वीही असेच घाणेरडे होते," मी म्हटलं. "तुम्ही पुसा."

ह्यांनी भावाला एकदा सांगूनही पाहिलं, की कॅमेऱ्याचं नाहीतर दिव्यांचं काहीतरी बघ. त्याने "बघतो भावोजी" म्हटलं. आणि हे पुसत राहिले. सावली दिसली की आजूबाजूच्या कातडीचा रंग घ्यायचा आणि हलक्या हाताने उजळ करत न्यायचं. पडद्यावर गाल असा एकसारखा व्हायचा की कुठे हात लागलाय ते कळू नये.

मग एके दिवशी एक बाई दुकानात आली. तिच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम आमच्याकडेच झाला होता. तिने तो काउंटरवर आपटला आणि उघडला. त्या दिवशी मी पहिल्यांदा चेहऱ्यांकडे बघितलं. मुलीच्या दोन्ही गालांवर, गळ्यावर, कपाळावर पांढरट डबकी होती. एका पानावर नाही, पानोपानी.

"माझ्या मुलीला कोड आहे आणि आम्ही ते मेकअपखाली लपवलं, असं तिच्या सासरचे म्हणतायत," बाई म्हणाली. तिचा आवाज चढलाच नाही, त्यामुळे जास्तच लागत होता. "तिला उन्हात उभी करून तपासलं त्यांनी. कोणी केलं हे?"

हे मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. भावाने ह्यांच्याकडे बोट केलं नाही, एवढंच. तो गळा भरून आल्यासारखा म्हणाला, "बाई, काय सांगू. आमचे भावोजी आहेत. घरचंच माणूस. डोळे गेलेत हो त्यांचे. वय झालं. आम्हाला बोलवत नाही, म्हणून सांभाळून घेतोय. आता नवीन माणूस ठेवतो."

बाईने ह्यांच्याकडे बघितलं. तिचा राग निवला आणि त्या जागी कीव आली. मला ती कीव रागापेक्षा किळसवाणी वाटली. हे पुढे झाले, अल्बम उचलला, पान डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, आणि म्हणाले, "माझ्याच हातचं आहे. मला माफ करा."

त्या दिवसापासून ह्यांनी माउसला हात लावला नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दिवे मारले, थेंब घातले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नव्हता. "उत्तम आहेत डोळे," डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "त्याला अक्षरं कळतात. डाग नाही कळत."

घरी बसून हे दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून भिंतीकडे बघत राहायचे. भिंतीवर काय होतं? भिंत! आयुष्यभर ज्या नजरेवर भाकरी मिळवली तीच आता खोटी बोलते, असं ह्यांनी धरून ठेवलं होतं. खाणं कमी झालं, बोलणं तर आधीच कमी होतं. मला ह्यांची दया येण्याऐवजी चीड यायची. पायावर पाय टाकून बसलेला मनुष्य बरा, पण हा आपला खाली मान घालून कुणीतरी टाकलेला निकाल चघळत बसलेला.

एका सकाळी मी शर्टाचं बटण लावायला बसले. सुईत दोरा जाईना. दोरा तोंडात ओला करून झाला, उजेडात धरून झालं. हे उठले, सुई माझ्या हातातून घेतली, दोरा पहिल्या झटक्यात ओवला आणि परत भिंतीसमोर जाऊन बसले.

मी हातातली सुई बघत राहिले. मग ती शर्टातच खोचली आणि तडक दुकानात गेले.

भाऊ गिऱ्हाइकांत होता. मी आधी पुढच्या काउंटरवरच्या मशीनवर त्याच मुलीचा मूळ फोटो उघडला, हात न लावलेला. गाल स्वच्छ. एक पुटकुळी होती कानाजवळ, तेवढीच. मग मागे ह्यांच्या मशीनवर तोच फोटो उघडला आणि हे करतात तेवढा मोठा केला. गालावर काळपट सावल्या! चांगल्या तीन-चार. फोटो एकच, मशीन दोन. मी माउसचं चाक फिरवून फोटो थोडा लहान केला. गालावरची सावली उठून मुलीच्या मागच्या सजावटीच्या पडद्यावर जाऊन बसली. अजून लहान केला, तर दाताला चिकटली. कातडीवरचा डाग असा घर बदलतो का कधी? मी सेटिंगमध्ये गेले. कार्ड बसवलं तेव्हा त्या एक्स्पर्टने कुठे टिक केली होती ते मी बघितलं होतं. ती काढली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. मशीन पहिल्यासारखं कुंथत सुरू झालं, आणि गाल लख्ख. मग ह्यांनी साफ केलेला फोटो उघडला. त्यात ती पांढरी डबकी, जिथे जिथे कार्डाने नसलेला डाग दाखवला होता बरोबर तिथे.

मी भावाला आत ओढून आणलं आणि सगळं दाखवलं. टिक लावून आणि टिक काढून. त्याला आश्चर्य वाटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्याने पडद्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तो दाराकडे बघत होता, गिऱ्हाईक ऐकतंय का ते.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"ताई, हळू बोल."

"कधीपासून?"

"भावोजी कॅमेऱ्याबद्दल बोलले ना, तेव्हा मी एक्स्पर्टला बोलावलं होतं. तुम्ही दोघं जेवायला गेला होता. त्याने कार्ड चालवणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर, बदलून पाहिला, जुना टाकून पाहिला. म्हणाला कार्डच भाजलेलं आहे, कुणीतरी रात्रंदिवस तापवलेलं. दुसरं मिळेपर्यंत चालू दे म्हणाला. मला वाटलं, पडद्यावरच तर दिसतंय, फोटोत कुठे येतंय? भावोजी ते पुसत बसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच नाही आलं, ताई."

"आणि ती बाई आली तेव्हा? तेव्हा आलं ना डोक्यात?"

तो टेबलावरचा गोंदाचा डबा फिरवायला लागला. "मशीन खराब आहे आणि आम्हाला माहीत होतं, असं सांगितलं असतं तर दुकानाचं नाव गेलं असतं. डोळ्यांचं म्हटलं की लोक समजून घेतात. घरचं माणूस आहे, मी म्हटलं भावोजी काही मनावर घेणार नाहीत."

आजवर या खोलीत मी किती कातडी बघितली, पण अशी गेंड्याची बघितली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाच्याच नावाने गळा काढायचा! मी त्याला म्हटलं, "तू बाहेरच्याशी असा वागला असतास तर मी नुसती थुंकले असते. तू घरच्याशी वागलास. फोन उचल."

त्याने माझ्यासमोर त्या बाईला फोन केला. "मशीनमध्ये थोडासा प्रॉब्लेम होता" म्हणाला. मी समोर उभीच राहिले, तेव्हा "आम्हाला माहीत होता" हेही म्हणाला. पलीकडून बाई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. मग मी त्याला मशीन उघडून ते कार्ड स्वतःच्या हाताने काढायला लावलं. त्याचा एक्स्पर्ट असता तर त्याच्याकडून चाटून पुसून घेतलं असतं.

घरी जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा उजळेल अशी माझी कल्पना. ह्यांनी भिंतीवरची नजर काढली. मग म्हणाले, "त्याला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मी थेंब घालून बसलो होतो तेव्हाही?" मी पुन्हा हो म्हटलं. हे उठले आणि चपला घातल्या.

दुकानात आलो. भाऊ लगबगीने खुर्ची पुसून पुढे करायला लागला. हे त्याला वळसा घालून गेले. खुर्चीत बसले, त्या मुलीचा मूळ फोटो उघडला आणि नेहमीसारखा मोठा केला. मग हे कधी करत नाहीत ते ह्यांनी केलं. चाक फिरवून फोटो लहान केला आणि अख्खा चेहरा बघितला. हसरी मुलगी होती, दोन दातांत फट असलेली. बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा मोठा केला आणि ब्रश कानाजवळच्या त्या पुटकुळीवर आणला. हात थांबला. संगणक आता खरं बोलत होता, डॉक्टर खरं बोलला होता, पण ह्यांनाच आपल्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता.

हे पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे डाग आहे का?"

भाऊ मागून झटकन वाकला. "आहे भावोजी, आहे ना! अगदी स्पष्ट दिसतोय."

ह्यांनी मान वळवली नाही. बोट तिथेच होतं.

"तुला नाही विचारलं," हे म्हणाले. "तिला विचारलं."