उजव्या काखेचा टाका

रोह्याशेजारी धाटावला कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पेणला माझं शिवणाचं दुकान होतं. धरमतरकडची मिठागरातली मंडळी दरवर्षी ऐतिहासिक नाटक बसवायची आणि कपडे माझ्याकडून शिवून न्यायची. दरवर्षी तलवार उगारली की सरदाराची काख टर्रकन फाटायची. लोक पोट धरून हसायचे आणि बोलणी मी खायची.

म्हणून त्या वर्षी खरा जुना अंगरखा बघायचाच, असं ठरवलं. तो सापडला रोह्याजवळच्या एका गावात, एका मावशींकडे. त्यांच्या आजेसासऱ्यांचा होता. मावशी एकट्याच राहायच्या, नवरा जाऊन दोन पावसाळे झाले होते. अंगरखा देताना त्यांनी एवढंच बजावलं, "बघ, मोज, पण टाका उसवू नको गो." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

घरी आणून मापं घेतली. उजव्या काखेतला चौकोनी तुकडा डावीकडच्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा होता. तलवारीचा हात मोकळा राहावा म्हणून ही जुन्या शिंप्यांची खुबी, असं मी ठरवून टाकलं. पण तुकडा कापलाय कसा, ते वरून कळेना. शेवटी ब्लेड घेतलं आणि उसवला. माप उतरवलं, परत शिवला. आधीचे टाके वेडेवाकडे होते, माझे एका रेषेत. दोरासुद्धा चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला. स्वतःवर जाम खूश होते मी.

त्या मापाचे अकरा अंगरखे शिवले. नाटकात एकही काख फाटली नाही. दुकानात येईल त्याला मी ती तलवारीची खुबी ऐकवत होते.

मग अंगरखा परत करायला गेले. मावशींनी तो उलटा केला, थेट उजवी काख धरली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"उसवलास," त्या म्हणाल्या.

"नीट करून दिलाय, मावशी. आधीचं काम फारच ओबडधोबड होतं. कोण शिंपी होता कोण जाणे."

"शिंपी नाय, मी." त्या शांतपणे सांगत होत्या. "आमचे हे भाताच्या उडवीवरनं पडले, तवापासनं ह्यांचा उजवा हात वर जात नव्हता. लेकीच्या लग्नात त्यांना हाच घालायचा होता. दुखरा हात आत जावा म्हणून मी काख रुंद केली. मला कुठं शिवता येतं? पण केली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुना दोरा ठेवलास काय?"

तो मी उसवला त्याच दिवशी केरात लोटला होता. तसं सांगितलं.

त्यांनी अंगरख्याची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. "मग ने तुझ्याकडं. नाटकाला होईल," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.